दही ‘लागलं’ हे नेमकं कधी म्हणायचं?

डिसेंबरात आमच्याकडे, म्हणजे निफाड तालुक्यात, दही लागत नाही. थंडीच्या बातम्यांत निफाडचं नाव दरवर्षी येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा किती उतरला ते टीव्हीवाले सांगतात, आणि त्याच सकाळी आमची आजी पातेल्यावरचं झाकण काढून म्हणते, “आजपण दूधच गं बाई!” मग ते पातेलं गव्हाच्या कोठीत जातं, त्यावर जुनी गोधडी पडते, आणि दुपारी कधीतरी दही लागतं. आजीचा एक नियम मात्र पक्का. मधे उघडून बघायचं नाही. हलवायचं तर नाहीच नाही.

माझी पीएच.डी. या लागण्यावरच आहे. विषयाचं अधिकृत नाव लांबलचक आहे, पण घरी सांगताना मी ‘दही कसं लागतं ते’ एवढंच सांगते आणि सगळे हसतात. (आपल्याकडे ‘सेट’ म्हटलं की परीक्षा आठवते. तीही एकदा राहिली होती, पण तो वेगळा विषय.) संशोधनाला लागायच्या तयारीत असलेल्यांनी मला बरेचदा विचारलंय की ‘रिसर्च क्वेश्चन’ कसा शोधायचा. माझ्याकडे याचं सरसकट उत्तर नाही. ‘लागलं’ या एका साध्या शब्दाने माझे चार महिने कसे खाल्ले, ते मात्र सांगता येईल.

आधी पातेल्यात काय आहे ते पाहू. गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं आणि प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. त्यातला चार-पंचमांश भाग केसीन नावाच्या प्रथिनांचा. म्हणजे लिटरभर दुधात केसीन जेमतेम २६ ग्रॅम. लिटरभर पाण्यात २६ ग्रॅम वाळू टाकली तर ती तळाला चिमूटभर दिसेल. पण हेच २६ ग्रॅम केसीन रात्रीतून सगळं पाणी असं धरून ठेवतं की चमच्याने वडी कापावी. घन पदार्थ वाढला नाही, पाणी कमी झालं नाही, तापमान तेच, तरी द्रवाचं घन झालं. मला या विषयात ओढलं ते या हिशेबाने. बर्फ होतो तेव्हा निदान सगळं पाणी तरी बदलतं, इथे पाणी पाणीच राहतं.

केसीन दुधात सुटं नसतं. हजारो रेणू आणि कॅल्शियम फॉस्फेट मिळून त्याचे गोळे बनतात, साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे. त्यांना मायसेल म्हणतात. प्रत्येक गोळ्याच्या अंगावर कॅपा-केसीनची लव असते आणि त्या लवेवर ऋण विद्युतभार. त्यामुळे दोन गोळे जवळ आले की एकमेकांना ढकलतात, आणि दूध दूध राहतं.

विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा पीएच ६.७ च्या आसपास असतो, तो खाली उतरू लागतो. तसतसा गोळ्यांवरचा भार कमी होतो, आतलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडतं, लव आडवी होते. ४.६ ला केसीनचा एकूण भार शून्यावर येतो. पण गोळे एकमेकांना चिकटायला लागतात ते त्याच्या बरंच आधी. कच्च्या दुधात साधारण ४.९-५ ला, आणि नीट तापवलेल्या दुधात ५.२ ते ५.४ च्या दरम्यानच. कारण दूध ७० अंशांच्या वर तापलं की त्यातलं दुसरं एक प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, उलगडतं आणि गोळ्यांच्या अंगाला जाऊन चिकटतं. हे गोळे लवकर जुळतात आणि घट्ट जुळतात. तापवलेल्या दुधाचं दही कच्च्या दुधाच्या दह्यापेक्षा दहा-वीस पट ताठ भरू शकतं. आपल्या आज्या दूध चांगलं उकळवल्याशिवाय विरजत नाहीत, ते नासू नये म्हणून. कवडीसारखं दही हा त्यातला वरचा नफा.

आता ‘जुळणं’ आणि ‘लागणं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

उकळत्या दुधात लिंबू पिळलं तरी केसीनचे गोळे जुळतातच. पण ते धसमुसळेपणाने जुळतात, घट्ट गठ्ठे होतात आणि पाणी बाजूला राहतं. याला आपण दूध नासलं, फुटलं म्हणतो, किंवा पनीर करायचं असेल तर काहीच म्हणत नाही. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं की पूर्वी हंड्यात तुरटी फिरवायचे, तिथेही तेच. मातीचे बारीक कण एकमेकांना ढकलत असतात, तुरटीमुळे ते ढकलणं थांबतं, कण जुळतात आणि तळाला बसतात. जुळले, पण पाणी काही लागलं नाही. म्हणजे लागण्यासाठी कणांनी नुसतं जुळून भागत नाही. त्यांनी असं विरळ, वेडंवाकडं जुळायला हवं की त्यांचं जाळं पातेल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पोचेल आणि पाणी त्या जाळ्याच्या डोळ्यांत अडकून बसेल. म्हणून सावकाश आंबट होणं आणि न हलणं.

हे जाळं कधी पोचतं, याचं पहिलं गणित पॉल फ्लोरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४१ साली मांडलं. त्याला दह्याशी देणंघेणं नव्हतं, तो प्लास्टिकसारख्या बहुवारिकांवर काम करत होता. पुढे १९७४ चं नोबेल त्याला मिळालं. गणित मात्र इतकं सोपं आहे की अकरावीतल्या कोणालाही समजावता येतं.

समजा मोठ्या मैदानात खूप माणसं डोळे मिटून उभी आहेत आणि मिळेल तो हात धरतायत. प्रत्येकाला दोनच हात असतील, तर फार तर लांबच लांब साखळ्या होतील. समजा प्रत्येकाला तीन हात आहेत. कोणताही एक हात कुणाच्या तरी हातात असण्याची शक्यता ‘प’. आता मी एका हाताने चालत चालत एका माणसापाशी पोचले. ज्या हाताने पोचले तो सोडला तर त्याच्याकडे दोन हात उरले. त्यातले सरासरी ‘२ गुणिले प’ हात पुढे कुणीतरी धरलेले असणार. हा आकडा १ पेक्षा कमी असेल तर माझी वाट कुठेतरी संपते. १ झाला की वाट संपतच नाही. म्हणजे ‘प’ बरोबर १/२ ला, निम्मे हात गुंतले की, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येतं. चार हात असतील तर १/३ लाच. सर्वसाधारण सूत्र: १ भागिले (हात वजा १).

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही पहिल्यांदा वाचताना खोट्या वाटतात. एक, लागणं ही हळूहळू होणारी गोष्ट नाही. हात हळूहळू गुंततात, पण जाळं पोचतं ते एका क्षणी. त्याआधी द्रव फक्त दाट दाट होत जातो. दुसरी, ज्या क्षणी जाळं पोचतं त्या क्षणी त्या जाळ्यात असलेली माणसं जवळजवळ नगण्य असतात. बाकीचे अजून लहानमोठ्या घोळक्यांत सुटेच असतात आणि नंतर सावकाश येऊन मिळतात. म्हणून नुकतंच लागलेलं दही इतकं नाजूक असतं. आजी ‘हलवू नको’ म्हणते ते नेमकं याच वेळेसाठी, फक्त ती वेळ कोणती ते तिला दिसत नाही म्हणून ती रात्रभर हलवू देत नाही.

(इथे एक कबुली. केसीनचे गोळे म्हणजे तीन हातांची माणसं नव्हेत. त्यांचे बंध तुटतात, पुन्हा जुळतात, आणि फ्लोरीने ज्या बंद फेऱ्या हिशेबातून वगळल्या त्या इथे भरपूर असतात. हे चित्र दिशा दाखवायला चांगलं आहे, आकडे काढायला नाही. मुलाखतीत कुणी विचारलं तर हे सांगायला विसरू नका.)

परत निफाडच्या थंडीकडे. थंडीत दही का लागत नाही? आपण लगेच म्हणतो, जीवाणू थंडीत मंदावतात. खरं आहे. दह्याचे नेहमीचे काही जीवाणू चाळीस-बेचाळीस अंशांना चार-सहा तासांत काम उरकतात, तिशीच्या आसपास खुलणारे त्याला रात्र लावतात, आणि स्वयंपाकघरात बारा-चौदा अंश असले की दोघंही गारठतात. मीही माझ्या सिनॉप्सिसमध्ये हेच एक कारण लिहिलं होतं.

पण दुसरं कारण त्यात लपलेलं आहे. दूध चार अंशांपर्यंत गार करून त्यात आम्ल घालत घालत पीएच ४.६ पर्यंत आणलं, तरी ते लागत नाही. आम्ल पुरेसं आहे, भार शून्य झालाय, तरी दूध वाहतंच. मग ते न हलवता हळूहळू कोमट केलं की लागतं. हा जुना, प्रयोगशाळेत वापरात असलेला प्रयोग आहे. केसीनच्या गोळ्यांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या बलांपैकी एक मोठं बल म्हणजे पाण्यापासून पळण्याची त्यांच्या काही भागांची ओढ, आणि ही ओढ थंडीत कमी होते. म्हणजे थंडी दोन ठिकाणी हात घालते. आम्ल होऊ देत नाही, आणि झालेल्या आम्लाचा उपयोगही होऊ देत नाही.

मग प्रश्न असा पडतो की आमच्या पातेल्यात यातलं कोणतं कारण किती? दोन्ही कारणं एकाच बटणाला बांधलेली आहेत, तापमानाला. ते बटण फिरवलं की दोन्ही बदलतात. अशी गुंतलेली जोडी दिसली की संशोधनात थांबायचं असतं. मी थांबले नव्हते. गाईड मॅडमनी थांबवलं.

त्यावर एक उपाय म्हणजे जीवाणू काढूनच टाकायचे. त्याऐवजी ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन नावाची पावडर वापरतात. ती पाण्यात हळूहळू आम्ल होते, तिला भूक नाही, ती मरत नाही. पण तिचाही आम्ल होण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो! म्हणजे एक गाठ सोडवली तर तिथे दुसरी. शेवटी मार्ग सापडला तो असा: आलेखाच्या आडव्या अक्षावर वेळ घ्यायचीच नाही, पीएच घ्यायचा. किती वाजता लागलं हे विचारायचं नाही, किती आंबट झाल्यावर लागलं हे विचारायचं. वेगवेगळ्या तापमानाला तो पीएच वेगळा आला तर तो फरक बराचसा प्रथिनांचा, कारण आम्ल होण्यातला उशीर आपण अक्षातच गिळून टाकलाय. ‘बराचसा’ म्हणते, कारण आम्ल होण्याचा वेगही जाळ्याच्या रचनेत थोडी ढवळाढवळ करतो. अक्ष बदलणं ही फुकटची युक्ती आहे, ना उपकरण लागतं ना ग्रँट, आणि ती मला पहिल्या सहा महिन्यांत सुचली नाही.

त्या सहा महिन्यांतले चार महिने कुठे गेले ते आता सांगते.

सुरुवातीला उपकरणावर माझा नंबर लागत नव्हता, म्हणून मी वाट्या मांडल्या. स्टीलच्या वाट्या, ठरावीक दूध, ठरावीक विरजण, वेगवेगळी तापमानं. दर अर्ध्या तासाला प्रत्येक वाटी जरा कलंडवायची आणि वहीत लिहायचं: वाहिलं, नाही वाहिलं. ज्या नोंदीला वाहिलं नाही, ती ‘लागण्याची वेळ’. चार महिने मी हे केलं. अक्षर छान होतं. आलेख त्याहून छान होता, प्रत्येक तापमानाला एक बिंदू, बिंदूंमधून जाणारी सुरेख रेघ.

वार्षिक प्रगती सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “न कलंडवलेली वाटी कुठे आहे?”

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला तेव्हा कानशिलं तापली. नुकतंच जुळलेलं जाळं मी दर अर्ध्या तासाला स्वतःच्या हाताने मोडत होते. मोडलेलं जाळं परत जुळतं, पण तसंच नाही. पाणी सुटतं, गठ्ठे होतात. मी जी वेळ मोजत होते ती दही लागण्याची नव्हतीच, ‘दर तीस मिनिटांनी त्रास दिला असता दह्याने हार न मानण्याची’ होती. दर तासाला कलंडवलं असतं तर वेगळी रेघ आली असती, आणि तीही तितकीच सुरेख. घरी आजीने हेच वीस वर्षं सांगितलं होतं, झाकण काढू नको. मी ते प्रयोगशाळेच्या दारात चपलांबरोबर ठेवून आत गेले होते.

बरोबर पद्धत सोपी आहे आणि कंटाळवाणी आहे. एकाच दुधाच्या वीस वाट्या लावायच्या, आणि प्रत्येक वाटी आयुष्यात एकदाच कलंडवायची. पहिली दोन तासांनी, दुसरी अडीच तासांनी, असं. कलंडवलेली वाटी बाद. दूध जास्त लागतं, वही कमी भरते.

शिवाय वाटीचाही प्रश्न आहे. कलंडवणं म्हणजे आपण दह्यावर किती ताण देतो? सरळ उभी परीक्षानळी पूर्ण उलटी केली अशी कल्पना करा. आतल्या दह्याचं वजन त्याला खाली ओढतं आणि नळीची भिंत त्याला धरून ठेवते. वजन भागिले भिंतीचं क्षेत्रफळ केलं की ताण निघतो: घनता गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले त्रिज्या भागिले दोन. (स्वतः करून बघा, दह्याची उंची दोन्हीकडून कटते. मला हे फार आवडलं होतं.) ५ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत हा ताण येतो सुमारे २५ पास्कल. ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वाटीला हेच सूत्र ढोबळपणे लावलं तर सुमारे २०० पास्कल. म्हणजे तेच दही, त्याच क्षणी, नळीत ‘लागलेलं’ आणि वाटीत ‘न लागलेलं’ ठरू शकतं. फारच बारीक नळी घेतली तर साधं पाणीसुद्धा पृष्ठताणामुळे खाली पडत नाही, मग पाणीही लागलं म्हणायचं का? ‘लागलं’ हे नुसतं दह्याचं वर्णन नसतं. त्यात भांडं असतं, कोन असतो, वाट बघण्याचा वेळ असतो.

तुम्हाला वाटेल, एवढा काथ्याकूट दह्यासाठी? पण हीच कलंडवण्याची परीक्षा आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत रोज होते, आणि तिथे वाटीत दही नसतं.

घोणस शेतात, बांधावर, गवतात, आपल्या सगळ्या पट्ट्यात सापडते. तिच्या विषात असे घटक असतात जे रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकांना चालू करतात. त्यातून थ्रॉम्बिन बनतं, आणि थ्रॉम्बिन रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचं फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करतं. म्हणजे विष रक्त गोठवणारं आहे. १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट या ब्रिटिश डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला याच विषाचं पातळ द्रावण जखमेवर लावून पाहिलं होतं. मग दंश झालेल्या माणसाला रक्तस्राव का होतो? कारण विष सगळ्या अंगात एकाच वेळी साखळी चालू करतं. फायब्रिनोजेन बारीक बारीक धाग्यांत खर्ची पडतं, शरीर ते धागे विरघळवत राहतं, आणि शेवटी साठाच संपतो. निरोगी माणसाच्या लिटरभर रक्तद्रवात फायब्रिनोजेन असतं फक्त २ ते ४ ग्रॅम. केसीनच्या दहाव्या हिश्श्याइतकं. तेवढ्यात काम भागतं कारण फायब्रिन लांब, बारीक धाग्यांचं जाळं करतं, गोळ्यांचं नाही. पण ते संपायलाही वेळ लागत नाही. मग रक्त लागतच नाही.

हे ओळखायची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत आहे आणि आपल्याकडेही तीच वापरतात. नव्या किंवा स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं दोनेक मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, आणि एकदा कलंडवायचं. वाहिलं तर रक्त गोठत नाहीये, आणि आपल्या भागात त्याचा अर्थ विषारी दंश घोणस-फुरसं या गटाचा. त्यावर प्रतिविष देण्याचा निर्णय होतो. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा, कारण यकृताला नवं फायब्रिनोजेन करायला वेळ लागतो.

मी ही पद्धत पहिल्यांदा वाचली ती त्या सादरीकरणानंतरच्या आठवड्यात. ‘न हलवता’ आणि ‘एकदा’ हे दोन शब्द वाचून मी पुस्तक मिटलं.

आणि नळी काचेचीच का? कारण रक्त गोठायला सुरुवात करून देणारा एक घटक काचेच्या पृष्ठभागामुळे जागा होतो. प्लास्टिकची नळी घेतली किंवा काचेची नळी साबणाच्या पावडरने धुऊन वापरली तर निरोगी माणसाचं रक्तही वीस मिनिटांत न गोठलेलं दिसू शकतं, आणि गरज नसलेल्या माणसाला प्रतिविष जाऊ शकतं, ज्याची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. चाचणी कच्चीही आहे. फायब्रिनोजेन थोडंच कमी झालं असेल तर तिला ते दिसत नाही, रक्त गोठतं आणि आपण निश्चिंत होतो. तरीसुद्धा जिथे रात्री दोन वाजता प्रयोगशाळा बंद असते तिथे ती चालते, म्हणून ती टिकली आहे. मला ती आवडते. तिने आपलं भांडं, वेळ आणि किती वेळा कलंडवायचं हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. (हे घरी करून बघायचं नाही, सांगायला नको. दंश झाला की थेट रुग्णालय.)

तर मग न मोडता मोजायचं कसं? त्यासाठी रिओमीटर. कपात दूध, त्यात एक दांडा, आणि तो दांडा इतका किंचित मागेपुढे फिरतो की दुधातलं जाळं असलंच तर हजारात एखाद्या भागाइतकं ताणलं जातं, तुटत नाही. दांड्याला परत मिळणारा विरोध दोन भागांत मोडतात. एक स्प्रिंगसारखा, दिलेली ऊर्जा परत देणारा. दुसरा मधासारखा, ऊर्जा गिळून टाकणारा. दुधात दुसरा मोठा असतो, दह्यात पहिला. पहिला दुसऱ्याला ओलांडतो तो क्षण म्हणजे लागणं, असं बरेच जण धरतात. दह्यावरच्या कित्येक शोधनिबंधांत स्प्रिंगचा भाग १ पास्कल झाला की लागलं, असा सरळ संकेत असतो.

पण ओलांडण्याचा क्षण दांडा किती वेगाने फिरवता यावर बदलतो. भरभर फिरवला तर लवकर, सावकाश फिरवला तर उशिरा. परत तेच, भांड्याच्या जागी आता वेग आला. यातून वाट काढली १९८६ साली, विंटर आणि शाँबों या दोघांनी. (हो, विंटर. निफाडच्या माणसाला हे आडनाव विसरता येत नाही.) त्यांनी दाखवलं की लागण्याच्या नेमक्या क्षणी या दोन भागांचं गुणोत्तर सगळ्या वेगांना सारखंच येतं. कारण त्या क्षणी घोळके सगळ्या आकारांचे असतात, एका कणापासून पातेल्याएवढ्यापर्यंत, त्यामुळे कुठल्याच एका वेगाला विशेष मान उरत नाही. इथे पहिल्यांदा ‘लागलं’ची अशी व्याख्या मिळते जी मोजणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून नाही. अडचण एवढीच की पाच वेगांना मोजायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दही पुढे गेलेलं असतं. त्यासाठी आंबट होणं मुद्दाम संथ ठेवावं लागतं. माझा सध्याचा दुसरा धडा याच खटपटीचा आहे.

खरवसाबद्दल लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल, थोडक्यात सांगते. चिकात विरजण नाही, आम्ल नाही, तरी वाफवलं की लागतं, कारण पहिल्या चिकात प्रथिनं दुधाच्या चौपटीच्या आसपास, आणि त्यातली बरीचशी उष्णतेने उलगडून एकमेकांत अडकणारी, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. म्हणून पहिल्या दिवसाच्या चिकात दूध घालून वाढवता येतं आणि तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस पिचपिचीत होतो. बाजारात चायना ग्रास घालून केलेला ‘खरवस’ही मिळतो. ओळखायचा असेल तर तुकडा वाटीत घालून चांगला तापवा. चायना ग्रासचे बंध उष्णतेने सुटतात, तो वितळेल. चिकाचा वितळणार नाही.

यंदा डिसेंबरात घरी गेले तेव्हा आजीने स्वतःहून एक प्रयोग सुचवला. विरजण संपलं की ती हिरव्या मिरचीचे देठ दुधात टाकते आणि दही लागतं, असं तिचं म्हणणं. वनस्पतींच्या अंगावर लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू असतात हे खरं आहे. पण ते दूध ज्या पातेल्यात ठेवतात त्यात रोजच दही लागतं, त्याच्या कडेला कालचं काय काय राहिलेलं असेल. मी म्हटलं, “आजी, देठ न टाकलेलं पातेलं पण लावू या.”

“देठ न टाकता कशाला लावायचं गं? दूध वाया.”

बऱ्याच घासाघिशीनंतर बारा वाट्या मिळाल्या. उकळत्या पाण्यातून काढलेल्या सहा, नुसत्या धुतलेल्या सहा, आणि प्रत्येकी तिनांत देठ. गव्हाच्या कोठीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येक वाटी एकदाच कलंडवली. देठाच्या सहापैकी पाच लागल्या. उकळून घेतलेल्या, बिनदेठाच्या तिन्ही वाहिल्या. आणि नुसत्या धुतलेल्या, बिनदेठाच्या तिनांतली एक चक्क लागली होती.

आजी म्हणाली, “बघ, देठच.” मी ती एक वाटी पुढे केली. तिने बोटाने चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि ती मांजरीपुढे ठेवली. देठाच्या वाटीतलं थोडं मी डबीत घालून विरजण म्हणून बरोबर आणलंय, बारा वाट्यांवरून काही सिद्ध होत नाही म्हणून पुढच्या वेळी छत्तीस लावायच्यात. वाट्यांची सोय बघतेय.